एक्केचाळिसावी खाट

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि ही कोरी वही. खोली रुग्णालयाच्या आवारातच मिळाली, धुलाईघराच्या वरची. फरशी सदा कोमट असते, त्यामुळे अनवाणी फिरायला मजा येते. खिडकीतून समोरच्या इमारतीचा दुसरा मजला दिसतो आणि त्या मजल्यावर शेवटून तिसऱ्या खाटेवर माझी ताई. मी हात हलवला. तिने जीभ दाखवली.

खरं सांगायचं तर ही नोकरी मी ताईसाठीच धरली. इथे कर्मचाऱ्याच्या घरच्या माणसाला खाट मिळते. मोडलेल्या माणसांना पुन्हा चालतं करणारं असं चाळीस खाटांचं रुग्णालय दुसरं जवळपास नाही. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लोकांना गाडी चालवायला शिकवते. जिन्यावरून पडून खुबा आणि पाय दोन्ही मोडून घेतले. म्हणते, आयुष्यभर दुसऱ्यांना ब्रेक दाबायला शिकवलं आणि जिन्यावर मला स्वतःला ब्रेकच सापडला नाही. बाबा मला आठवतच नाहीत आणि आई दिवसभर कामावर, त्यामुळे मला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, पाठीत धपाटे घालणं ही सगळी खाती लहानपणापासून ताईकडे होती. सहा वर्षांपूर्वी आई गेली. आता आम्ही दोघीच.

डॉक्टर म्हणाले की पुढच्या एक तारखेला ती स्वतःच्या पायांनी घरी जाईल. मी त्यांना तीन वेळा विचारलं की नक्की ना. ताई म्हणाली, डॉक्टर, मनावर घेऊ नका, आमच्या घरात ही फौजदार आहे, दूधवाल्याचीसुद्धा उलटतपासणी घेते.

ताई ३८ नंबरवर. शेजारी ३९ वर शिंपीणबाई, हाताला पट्टी असूनही सगळ्यांचे गाऊन आखूड-लांब करून देतात. शेवटी ४० वर शीळ आजी. ऐंशीच्या पुढच्या, कंबर मोडलेली, पण शीळ अशी घालतात की सिस्टरसुद्धा दारात थबकतात. छान रांग आहे.

बुधवार, ५ तारीख

माझं काम तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या बाजूच्या खोलीत. एक सर्व्हर, एक पंखा, एक मोडकी खुर्ची. या सर्व्हरवर रुग्णालयाची वेबसाइट चालते. तिच्यावर सगळ्यात महत्त्वाचं एकच पान: खाटेचा नंबर, रुग्णाचं नाव, झोप कशी झाली, जेवण किती, व्यायाम किती. दूरगावचे नातेवाईक पासवर्ड घालून बघतात. ताई पडल्या पडल्या स्वतःचंच पान वाचते आणि सिस्टरशी हुज्जत घालते की जेवण पाऊण नव्हतं, पूर्ण होतं.

आधीचा माणूस निवृत्त झाला. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, कारण हा सर्व्हर त्याने हाताने बांधला. शिंपीणबाईंनी विचारलं की हाताने बांधला म्हणजे काय केलं, तर मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. सर्व्हरचं सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी घेता येतं. एक म्हणजे पॅकेज, तयार कपडा. एक आज्ञा दिली की अंगावर चढतो आणि पुढची दुरुस्तीही आपोआप येत राहते. दुसरा प्रकार म्हणजे सोर्स. नुसतं कापड घ्यायचं आणि आपणच बेतायचं, शिवायचं. त्याला कंपाइल करणं म्हणतात. शिंपीणबाईंनी लगेच सोर्सच्या बाजूने कौल दिला.

पण हा शिवलेला कपडा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला जागोजागी भोकं पडलीत. कुणीही आत शिरावं अशी अवस्था. शिवाय तो चार वर्षं दोन महिने एकदाही बंद केलेला नाही. आमच्या धंद्यात काही लोक याचा अभिमान बाळगतात. मला ते आळशीपणाचं लक्षण वाटतं.

मिस्त्रींनी एक पातळ वही ठेवली आहे. सुबक अक्षर. त्यात दोनच ओळींखाली रेघा आहेत. सर्व्हर बंद-चालू करू नये. एक्केचाळीसला हात लावू नये. कारण कुठेच नाही. कारण न देता जो माणूस हात लावू नये म्हणतो, त्याने काहीतरी दडवलेलं असतं.

शुक्रवार, ७ तारीख

सापडलं! रुग्णालयात खाटा चाळीस आणि पानावर ओळी एक्केचाळीस. शेवटच्या ओळीत एका बाईचं नाव. दाखल तारीख नाही, डॉक्टरचं नाव नाही, झोप ‘शांत’, जेवण ‘पूर्ण’, वर्षानुवर्षं तेच. ही ओळ बाहेर कुणाला दिसत नाही. पण आत आहे.

मी मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या की अशी बाई इथे कधी नव्हती. व्यवस्थापक मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की मिस्त्रींनी चाचणीसाठी घातलं असेल, नको असेल तर काढून टाका. आणि सर्व्हरचं अपडेट या महिन्यात झालंच पाहिजे, वरून तपासणी येणार आहे.

चाचणीसाठी कुणी खोट्या माणसाला खरं नाव, आडनाव आणि वय देत नाही. मिस्त्रींनी आत यायला चोरदरवाजा ठेवला असणार. ओळ पुसली. बरं वाटलं.

सोमवार, १० तारीख

आज मोठं काम झालं. आधी सगळ्याचा बॅकअप घेतला. मग सकाळी अकराला मिस्त्रींचा सर्व्हर बंद केला आणि पॅकेजमधून नवा चढवून चालू केला. मिस्त्रींचा जुना तसाच चालू राहून नव्याच्या जागेवर बसून राहिला असता, तर मी दिवसभर आज्ञा देत बसले असते आणि व्हर्जन जुनंच दिसलं असतं. नवखी माणसं तिथेच फसतात. मी नाही फसले. अकरा वाजून चार मिनिटांनी पान उघडलं, नवं व्हर्जन, सगळं चकाचक. पॅकेजबरोबर एक सोयही आली. सर्व्हर आल्यागेल्याची नोंद एका फाइलमध्ये लिहीत असतो, तिला लॉग म्हणतात. ती फाइल फुगत जाते. आता दर रविवारी सकाळी जुनी फाइल आपोआप बाजूला होईल आणि सर्व्हर रीस्टार्ट होऊन कोऱ्या फाइलवर लिहायला लागेल. मिस्त्रींनी लॉग लिहिणंच बंद ठेवलं होतं. का, ते त्यांनाच माहीत.

दुपारी ताईकडे जाऊन मिरवलं. ती म्हणाली, फौजदारांनी चोर पकडला म्हणायचा. शिंपीणबाईंनी तिचा गाऊन वीतभर आखूड करून दिलाय, व्यायामाला पायात येत होता म्हणून. रांगेच्या शेवटी आहेत त्या, पलीकडची ४० नंबरची खाट रिकामी, त्यामुळे त्यांनी तिच्यावर कापडं पसरलीत. वॉर्ड फार शांत आहे. इतका शांत की कसंतरीच वाटतं.

रविवार, १६ तारीख

सुट्टी. सकाळी उशिरा उठले. ताई कठड्याला धरून चौदा पावलं चालली. मला रडू आलं. ती म्हणाली, रडतेस काय, मी काय परदेशी चाललेय?

तिच्यापाशी बसायला जागा भरपूर असते. टोकाच्या दोन्ही खाटा, ३९ आणि ४०, रिकाम्याच आहेत मी आल्यापासून. ताई म्हणते की शेजार नसल्याने कंटाळा येतो, भांडायलाही कुणी नाही. तिचा गाऊन कुणीतरी छान आखूड करून दिलाय. बारीक, एकसारखा टाका. मी विचारलं की कुणी केलं. ती बराच वेळ कडेवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली की असाच आला असेल धुलाईघरातून.

मी धुलाईघराच्या वरच राहते. तिथे शिवणाचं काम करणारं कुणी नाही, मशीनही नाही.

मंगळवार, १८ तारीख

आज सगळं क्रमाने, नीट लिहायचं.

अपडेटच्या दिवशी वहीत काय टिपलं होतं ते बघायला मागची पानं उलटली. तीन तारखेच्या पानावर कुणी शिंपीणबाई आहेत. शीळ घालणाऱ्या आजी आहेत. अक्षर माझं, शाई माझी, ‘छान रांग आहे’ हे वाक्यही माझ्याच तोंडचं. पण या दोन बायका मी आयुष्यात पाहिलेल्या नाहीत.

आधी वाटलं, कुणीतरी वहीत लिहून ठेवलंय. खोलीची दुसरी किल्ली मॅडमकडे असते. पण पाच तारखेला मी कुणालातरी पॅकेज म्हणजे तयार कपडा असं समजावलंय. ते उदाहरण माझं आहे, मला ते आठवतं. कुणाला सांगितलं ते आठवत नाही. तिथे नुसता खड्डा आहे.

खाली जाऊन दहा तारखेचा बॅकअप उघडला. त्यात ३९ आणि ४० ला नावं आहेत. वय, झोप, जेवण. चालू पानावर त्या ओळी कोऱ्या. कुणी पुसल्याची नोंद नाही. दोन्ही नावं मी बॅकअपमधून परत घातली. पानावर आली. वर धावत गेले, तर खाटांवर घडी घातलेल्या चादरी.

मोठ्या सिस्टरना त्या दोन नावांबद्दल विचारलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. म्हणाल्या की बहिणीच्या काळजीने तुमची झोप उडालेली दिसते. ताईला गाऊनबद्दल पुन्हा विचारलं, तर ती चिडली.

एक तर मला वेड लागलंय, नाहीतर इथली सगळी माणसं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. ताईसुद्धा? नाही. ताई नाही.

बुधवार, १९ तारीख

तारखा मांडल्या. दहाला सकाळी अकराला सर्व्हर बंद-चालू केला आणि त्याच दुपारी ४० रिकामी. सोळाला, रविवारी, लॉग बदलताना तो आपोआप रीस्टार्ट झाला आणि ३९ रिकामी.

प्रत्येक वेळी शेवटचं नाव.

बॅकअपमधून घातलेली नावं धरायची की नाही? त्या बायका आता नाहीतच. मग रविवारी शेवटचं नाव ३८ चं.

गुरुवार, २० तारीख

मिस्त्रींच्या घरी गेले. दुसरा मजला, दारात कुंड्या, आत सगळं जिथल्या तिथे. दरडावून विचारायचं असं ठरवूनच गेले होते. पण माझं ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, एक्केचाळीस पुसलंत ना.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. पहिल्या वर्षी दोनदा रीस्टार्ट केला आणि दोन रुग्ण गेले. मेले नाहीत. गेले. कुणाला आठवेनात. औषधांच्या रजिस्टरात शाईने नावं होती म्हणून त्यांना कळलं. आपण बांधताना काही चुकलं असं समजून त्यांनी सोर्स ओळीओळीने मूळ सोर्सशी ताडून पाहिला. काही फरक नव्हता. पुन्हा कंपाइल केला, दुसऱ्या मशीनवर केला, पॅकेजही लावून पाहिलं. सॉफ्टवेअरमध्ये ते नाहीच. ते त्या पानात आहे. पान बंद पडून उघडलं की शेवटचं नाव घेतं. मी म्हटलं, मग पानच काढून टाकायचं. ते म्हणाले की काढणं म्हणजे बंद करणंच. आणि त्या वेळी एकच नाव जाईल असं कुणी लिहून दिलंय का?

खोटं नाव ते घेत नाही. त्यांनी घालून पाहिलं होतं. ते ओलांडून पान त्याच्या आधीच्या खऱ्या नावावर गेलं. नाव अशा माणसाचं हवं की ज्याची कुणालातरी खरोखर आठवण येते. तो माणूस जिवंत नसला तरी चालतं.

म्हणून त्यांनी एक्केचाळिसावर स्वतःच्या बायकोचं नाव घातलं. ती आधीच वारली होती. चार वर्षांपूर्वी वीज गेली तेव्हा ते नाव घेतलं गेलं आणि वॉर्डातलं कुणी गेलं नाही. तेच नाव त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या चिठ्ठीवरून पुन्हा घातलं, पण ते दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नव्हती, म्हणून नंतर सर्व्हरला हातच लावला नाही.

मी विचारलं, त्या कशा होत्या? मिस्त्रींनी खिशातली चिठ्ठी काढून नाव वाचून दाखवलं. भिंतीवर एका बाईचा फोटो होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले की ही असावी, कागदपत्रांवरून आमचा संसार तीस वर्षांचा दिसतो. त्यांना वाईट वाटत नव्हतं. कणभरही नाही.

परत येताना वाटेत ठरवलं की म्हातारा थापा मारतोय. चोरदरवाजा पकडला गेला म्हणून कहाणी रचली. रविवार बंद करायला मला एक आज्ञा पुरते. पण ती आज्ञा दिली तर मी हे सगळं मानलं असं होईल. मी मानत नाही.

शनिवार, २२ तारीख

दुपारी चारला एक्केचाळिसावर नाव घातलं. आईचं.

थापाच असतील, तर काही बिघडत नाही. थापा नसतील, तर ताई राहील. चाचणी म्हणून एकदाच. ताईला विचारलं नाही. आई तिचीही आहे, विचारायला हवं होतं, पण काय तोंडाने विचारू?

आईबद्दल लिहून ठेवते. विनोद सांगताना शेवट यायच्या आधी स्वतःच हसत सुटायची, त्यामुळे तिचा एकही विनोद आम्हाला पूर्ण माहीत नाही. कामावरून आली की चपला न काढताच पहिली माझ्याकडे यायची. तिची बोटं नेहमी गार. रागावली की मला पूर्ण नावाने हाक मारायची. शेवटच्या दिवशी तिने ताईला सांगितलं की धाकटीला सांभाळ आणि मला सांगितलं की मोठीला सांभाळ, आणि आम्ही दोघींनी ते एकमेकींना कित्येक महिन्यांनी सांगितलं.

आई, चुकलं तर माफ कर.

रविवार, २३ तारीख

सकाळी सहा पंचवीसला सर्व्हर रीस्टार्ट झाला. एक्केचाळीस कोरी. अडतीसवर ताईचं नाव तसंच. वर जाऊन पाहिलं, ताई केस विंचरत होती. मी तिला इतकी घट्ट मिठी मारली की ती ओरडली.

मग खोलीवर येऊन कालचं पान वाचलं. चांगली बाई दिसते. हसरी. कुणाची तरी आई.

ताईला विचारलं की आपली आई कशी होती गं? ती म्हणाली, आई? आपल्याला कुठली आई, मीच तुझी आई. आणि हसली. मीही हसले. मला खरंच हसू आलं.

आत्ता लिहिताना हसू येत नाहीये. रडूही येत नाही. यायला हवं, एवढं कळतंय.

सोमवार, २४ तारीख

पुन्हा नाही. दर रविवारी आपोआप होणारं ते काम बंद करून टाकलं. लॉग बदलायचा नाही, सर्व्हर थांबायचा नाही. आपोआप येणारी अपडेटही बंद. आता कुणी हात लावला नाही तर तो मिस्त्रींच्या सर्व्हरसारखा चालतच राहील. एक तारखेला ताईला रजा मिळाली की डॉक्टर सही करतील, तिचं नाव रीतसर पानावरून निघेल आणि आम्ही इथून जाऊ. मी तिचं नाव आजच पुसलं असतं, पण पुसणं हेच नेणं असं ते धरेल का? नको. सहीनेच जाऊ दे.

आठ दिवस.

गुरुवार, २७ तारीख

डिस्क भरत चालली आहे. सोमवारी अर्धी होती, आज एक्क्याऐंशी टक्के.

कारण लॉग. मी तो बदलणं बंद केलं, त्यामुळे एकच फाइल फुगत चाललीय. पण इतकी? उघडून पाहिली. कुणीतरी मिनिटाला हजारो वेळा पान मागतंय. एकच पान. खाट ३८ चं.

मागणाऱ्याचा पत्ता पाहिला. बाहेरचा नाही. हाच सर्व्हर.

मिस्त्रींनी लॉग का लिहू दिला नाही ते आता कळलं. डिस्क पूर्ण भरली की सर्व्हर आपोआप कोसळतो आणि पुन्हा चालू होतो.

शनिवार, २९ तारीख

ब्याण्णव. घाबरले आणि लॉगची फाइल पुसून टाकली.

जागा सुटली नाही. सुटणारच नव्हती. मला माहीत होतं. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांना हेच सांगत आलेय की चालू सर्व्हरची फाइल पुसायची नसते, ती आतून रिकामी करायची असते. पुसली तर नाव जातं, पण सर्व्हर ती धरून बसतो आणि लिहीतच राहतो. रीस्टार्ट केल्याशिवाय सोडत नाही. रीस्टार्ट केल्याशिवाय.

धरून ठेवलेली फाइल बाहेरून रिकामी करायची एक आडवाट असते. करून पाहिली. परवानगी नाही म्हणे. मला, परवानगी नाही!

लॉग लिहिणं थांबवायचं, तरी रीस्टार्ट लागतो. इतर फाइली काढल्या. एक टक्का सुटला. तासात पुन्हा ब्याण्णव.

डॉक्टरांकडे गेले, आजच रजा द्या म्हणून हातापाया पडले. म्हणाले की एक तारखेला सकाळी दहाला, एक दिवसही आधी नाही, पाय अजून भार घेत नाही. ताई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, फौजदार, तुला माझी शपथ, काय झालंय सांग.

सांगितलं नाही.

सोमवार, ३१ तारीख

सत्त्याण्णव.

गाडी सांगून ठेवली उद्या दहाला. दोन माणसं, एक कुबडी.

एक्केचाळीसवर कुणाचं नाव? आईचं — वहीत आहे, पण मला ती आठवत नाही. चालणार नाही. बाबांचंही नाही. ज्याची कुणालातरी आठवण येते असं —

माझी येते. एकीला येते. तेवढं पुरे.

ताईला आज एवढंच म्हटलं की तुझ्या हाताचे धपाटे मला फार आवडायचे. ती म्हणाली, मग ये इकडे, एक देते.

दिला.

मंगळवार, १ तारीख — सकाळ

नव्याण्णव. खाली बसलेय. वही मांडीवर.

एक्केचाळीसच्या ओळीत माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वय. सेव्ह दाबलं.

थांबलंय.

अजून —

जागा नाही म्हणतंय. डिस्कवर जागा नाही, नोंद झाली नाही —

पुन्हा दाबलं. नाही. पुन्हा. नाही. नाही — ताई

मंगळवार, १ तारीख

सकाळी सर्व्हर जरा वेळ बंद पडला होता, आपोआप चालू झाला. डिस्क बरीच मोकळी. अपडेट टिकलंय म्हणायचं. मॅडमना तसं कळवलं.

दहाला फाटकापाशी एक गाडी येऊन उभी राहिली. चालक माझं नाव घेत होता. दोन माणसं आणि एक कुबडी म्हणून सांगितलंत, म्हणाला. मी म्हटलं, काहीतरी चूक झाली असेल तुमची. तो गेला.

वॉर्डातून चक्कर मारली. टोकाच्या तीन खाटा रिकाम्या. शेवटून तिसरीच्या चादरीची घडी घालायची राहिली होती. उशीत खड्डा होता अजून. हात लावला तर ऊब.

मग खोलीवर येऊन ही वही चाळली. कुणीतरी फार वेळ घालवलाय माझं अक्षर गिरवण्यात. प्रत्येक पानावर कुणी ताई आहे. ताई असं म्हणाली, ताई चौदा पावलं चालली, ताईने जीभ दाखवली. वाचता वाचता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि का येतंय तेच कळेना, कारण मला बहीण नाही, कधीच नव्हती, मी तर एकुलती एक.